रविवारी बंद केलेलं बटण

घरातून बाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची, ही आमच्याकडे बायकोची पद्धत. पंखा, दिवा, टीव्ही, मिक्सर, चार्जर, फ्रिज सोडून सगळं. मी चपला घालून दारात उभा आणि ती आत एकेका बोर्डाला हात लावत फिरतेय. मी म्हणायचो, "अगं, घर काय पळून चाललंय का?" ती म्हणायची, "तुम्ही तुमचं गॅरेज बघा, इथलं मी बघते." चाळीस वर्षं हे चाललं. ती गेली आणि माझाच हात बोर्डाकडे जायला लागला. इथे लंडनला मुलीच्या घरी आलो, तरी जातोच.

मी सातवी शिकलेला. कराडला डिझेल इंजिन दुरुस्तीचं गॅरेज होतं, ते आता बंद आहे. मुलगी एकच. ती हॅरोला राहते, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. लग्न केलेलं नाही, त्यावर आम्ही आता बोलत नाही. बायको गेल्यावर आठ महिने मी एकट्यानं काढले. मग मुलगी आली आणि मला सहा महिन्यांच्या व्हिसावर घेऊन आली. येतानाच ठरलं होतं की वर्षश्राद्धाला दोघांनी मिळून कराडला जायचं. तिथी सोमवारी येत होती, आधीच्या गुरुवारी संध्याकाळचं विमान होतं. तिची रजाही मंजूर होती, पण एक अट होती. तिच्या कामात एक बिघाड निघाला होता, तो काढूनच जायचं.

तिचं काम घरूनच असतं. मला वाटलं होतं, बरं झालं, पोरगी दिवसभर समोर असेल. समोर कसली, दार लावून आत. दाराच्या मुठीला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावलेला असला की मीटिंग चालू, आत यायचं नाही. चिमटा नसला की टकटक करून यायचं. चिमटा काढायला ती बरेचदा विसरते. मी चहाचा कप घेऊन दारापर्यंत जातो, चिमटा बघतो, परत येतो आणि तो चहाही मीच पितो.

सकाळी साडेनऊला त्यांची मंडळी पडद्यावर जमतात. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. भिंत पातळ आहे, आवाज ऐकू येतो. मला इंग्रजी कळत नाही, पण मुलीनं हे समजावून सांगितल्यापासून माझ्या मनात रोज साडेनऊला तेच येतं. काल काय केलं, खिडकीतून बाहेर बघितलं. आज काय करणार, तेच. कुठे अडलंय, हे विचारायला कोणी नाही.

खिडकीतून दिसतं ते म्हणजे समोरच्या घरांची दारं. ती सकाळी एकदा उघडतात, संध्याकाळी एकदा उघडतात. मधल्या वेळात पोस्टमन. सुरुवातीला मी त्याला हात करायचो, तोही करायचा. नंतर लक्षात आलं की हात करायला मी पोस्टमनची वेळ धरून बसतोय. मग मी बंद केलं.

मुलीच्या कामाचा त्रास मला आधी कळायचा नाही. पंख्याखाली, म्हणजे इथे हीटरजवळ, बसून टाइप करायचं, त्यात काय दमणूक? हे मी तिला तोंडावर बोललोही. ती म्हणाली, "अप्पा, आज दिवसभरात मी किती ओळी लिहिल्या सांगू? शून्य." म्हटलं, मग दिवसभर आत काय केलंस? तर पाच मीटिंगा, दुसऱ्यांचं काम तपासणं, आणि साहेबाला 'किती वेळ लागेल' याचं उत्तर देणं. साहेब इंग्रज आहे, गोड बोलतो. पण दिवसातून दोनदा तोच प्रश्न.

"गिऱ्हाईक मलापण विचारायचं," मी म्हणालो. "मी म्हणायचो, इंजिन उघडू दे, मग सांगतो."

"माझं इंजिन बंद पडलेलं नाही ना अप्पा. ते चालू आहे. हजारात एकदा चुकतं, आणि मी बघायला गेले की चुकत नाही."

असली गाडी मला माहीत आहे. मालक म्हणतो घाटात बंद पडते, आणि गॅरेजात आणली की तासभर चालू ठेवा, आवाजसुद्धा बदलत नाही. मालकाला वाटतं, मेकॅनिकला काही येत नाही. मेकॅनिकला वाटतं, मालक खोटं बोलतोय. अशा गाडीनं मला माणसं तोडायला लावली आहेत. तेव्हापासून मुलीच्या दमणुकीवर मी बोललो नाही.

बिघाड असा होता. तिची कंपनी दुकानांचा माल लोकांच्या घरी पोचवते, आणि एखादी ऑर्डर दोनदा जात होती. कुठल्याशा म्हातारीकडे मांजराच्या खाण्याचे चोवीस डबे गेले, आणि दुसऱ्या दिवशी परत चोवीस.

"मांजर खूश असेल," मी म्हणालो.

ती हसली नाही. म्हणाली, "म्हातारीनं फोन करून आमच्या माणसाला रडवलं."

मग तिनं एक युक्ती केली. शुक्रवारी एक जुना कॉम्प्युटर, नुसता डबाच, हॉलच्या कोपऱ्यात आणून ठेवला. तिच्या खोलीत प्लगला जागा नव्हती. हा डबा शनिवार-रविवार सारखा चालणार, खोट्या ऑर्डरी घेत राहणार, कधी ना कधी चूक पकडणार. तिनं त्यावर इंग्रजीत कागद चिकटवला आणि मला तोंडानंही सांगितलं, "अप्पा, सोमवार सकाळपर्यंत हा चालू राहू दे. याला हात लावू नका."

"मी कशाला हात लावू?" मी म्हणालो.

आणि नाहीच लावला. रविवारी दुपारी आम्ही भाजी आणायला एजवेअरला निघालो. ती खाली जाऊन उभी राहिली, बस येत होती. मी मागून निघालो आणि निघताना हॉलमधली बटणं बंद केली. डब्याला माझं बोटही लागलं नाही. भिंतीवरच्या बटणाला लागलं.

दोन तासांनी परत आलो तेव्हा मीच आधी आत शिरलो आणि बटणं चालू केली. हीसुद्धा बायकोची पद्धत. घरात शिरल्यावर आधी बटणं, मग पाण्याचा तांब्या. डब्यावरचा हिरवा दिवा परत लागला. मुलीनं बघितला, मीही बघितला. दिवा आहे म्हणजे चालू आहे.

सोमवारी सकाळी ती डब्यासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी चहा घेऊन गेलो.

"दिवा आहे, पण आतलं काम काल साडेबाराला थांबलंय," ती म्हणाली. "आपोआप. मग काही नाहीच."

साडेबाराला आम्ही बसमध्ये चढलो होतो. मला तिथेच कळलं. कप माझ्या हातात होता, तो मी तिच्या शेजारी ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो.

लोक मला फटकळ म्हणतात. सख्ख्या भावाच्या लग्नात मी त्याच्या सासऱ्याला सांगितलं होतं की तुमची जीप तुम्ही दुसऱ्याच्या गळ्यात मारताय. दुसऱ्याची चूक तोंडावर सांगायला मला कधी काही वाटलं नाही. पण त्या सकाळी मी सिंकजवळ उभा राहून धुतलेलीच भांडी परत धुतली. साडेनऊला भिंतीपलीकडे तिचा आवाज ऐकला. डबा आपोआप बंद पडला, हेच ती सांगत असणार.

सोमवार गेला, मंगळवारही गेला. डबा का बंद पडला, हे शोधण्यात तिनं दोन दिवस घालवले. तिच्यासोबत काम करणारा एक नागपूरचा मुलगा आहे, तोही पडद्यावरून तिच्यासोबत शोधत होता. "अगं, मेमरी भरली असन, बघ ना," "नाही रे, बघितली." जेवायला ती बाहेर आली तर घास हातात धरून विचार करायची. गुरुवारच्या विमानासाठी बॅग उघडून ठेवली होती, त्यात तिच्या आईच्या नावानं घेतलेली साडी वर दिसत होती. श्राद्धाला सवाष्णीला द्यायची म्हणून घेतलेली.

मंगळवारी संध्याकाळी ती भात वाढत होती तेव्हा मी म्हणालो, "तो डबा मी बंद केला."

"कुठला डबा?"

"रविवारी. निघताना. भिंतीवरचं बटण."

तिनं भातवाढी भांड्यात ठेवली. "आणि चालू?"

"आल्यावर. मीच."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली बसली. म्हणाली, "बंद केलंत त्याचं काही नाही, अप्पा. तुमची सवय मला माहीत आहे, मीच बटणावर चिकटपट्टी लावायला हवी होती. पण सोमवारी सकाळी का नाही सांगितलंत? दोन दिवस मी नसलेला बिघाड शोधत बसले."

 ती जेवली, ताट धुतलं, खोलीत गेली आणि दाराला चिमटा लावला. संध्याकाळी सात वाजता कुणाची मीटिंग नसते, हे मला चार महिन्यांत कळलं होतं.

बुधवारी साडेनऊला मी मुद्दाम भिंतीजवळ बसलो. 'फादर' हा शब्द मला कळतो, 'स्विच'ही कळतो. दोन्ही शब्द ऐकले आणि मागोमाग सगळ्यांचं हसणं ऐकलं. वाईट हसणं नव्हतं. पण तिचा आवाज त्यात नव्हता.

दुपारी ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. मी गवार निवडत होतो.

"अप्पा, मी तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्ही नुसतं ऐका."

"मला काय कळणार त्यातलं?"

"कळायला नकोच. आमच्यात काही लोक टेबलावर प्लॅस्टिकचं बदक ठेवतात. अडलं की त्याला सगळं सांगतात, एकेक पायरी. काही गाळायचं नाही. ज्याची खात्री आहे तेसुद्धा गाळायचं नाही, कारण पुष्कळदा तिथेच असतं. सांगता सांगता आपलं आपल्याला सापडतं."

"म्हणजे मी बदक."

"बदक मध्ये बोलत नाही, अप्पा."

मी गवार निवडत राहिलो आणि ती सांगत राहिली. ऑर्डर कुठून येते, कुठे जाते, कोण तपासतं. ती थांबली की मी म्हणायचो, "मग?" हा शब्द माझा नाही. मी गॅरेजातून आल्यावर हात धुता धुता बायकोला त्या दिवसाचं इंजिन सांगायचो. तिला नोझल माहीत नाही, पंप माहीत नाही. ती तांदूळ निवडायची आणि म्हणायची, "मग?" मी सांगत जायचो आणि मध्येच माझ्या लक्षात यायचं की मेख कुठे आहे. दुसऱ्या दिवशी गाडी चालू करून द्यायचो. तिनं काही केलं, असं मला कधी वाटलं नाही. ती गेल्यावर गॅरेज चार महिने उघडं होतं. त्या चार महिन्यांत मी तीन गाड्या दुसऱ्या मेकॅनिककडे पाठवल्या. मला वाटलं, वय झालं.

"असं समजा, दोन कामगार आहेत," मुलगी सांगत होती. "दोघंही आधी बघतात, ही ऑर्डर गेली का. गेली नसेल तरच पाठवतात."

"मग?"

"पाठवल्यावर खूण करतात. म्हणजे दुसरा परत पाठवणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. हे ठीकच आहे, हे मीच लिहिलंय, दोन वर्षां..." ती थांबली. माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. मग हळूच म्हणाली, "दोघांनी एकाच वेळी बघितलं तर?"

आणि उठून गेली. खुर्ची तशीच राहिली.

आमच्याकडे आमटीत असं व्हायचं. बायको मागच्या दारी गेली की मी झाकण उघडून चव घ्यायचो, मीठ नाही, टाकलं. ती आत येताना ठरवूनच आलेली असायची की मीठ राहिलंय. दोघांचंही बरोबर आणि आमटी खारट.

तासाभरात तिनं ती चूक सुधारली. एक ओळ. तीन आठवडे शोधून एक ओळ. मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं असतं तर त्यानं पाना माझ्याच डोक्यात घातला असता. ती म्हणाली, "साहेबाला सांगितलं, चूक माझीच होती, दोन वर्षांपूर्वीची."

"असं सांगायचं असतं?"

"मग काय सांगणार? सापडली ना."

मला वाटलं, झालं, उद्या विमान. पण त्यांच्यात असं आहे की केलेला बदल दोन माणसांनी तपासायचा. एक गुरुवारी दुपारी मोकळा होणार होता. आणि शुक्रवारी नवीन काही चालू करायचं नाही, शनिवार-रविवारी बिघडलं तर बघायला कोणी नसतं म्हणून. म्हणजे सोमवार. आणि ज्यानं बदल केला त्यानं चालू करताना हजर राहायचं. नागपूरचा मुलगा म्हणाला, मी बसतो, तू जा. तिनं साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, तू ठरव, तुझ्यावर आहे.

"मग चल की," मी म्हणालो.

"अप्पा, इथे 'तुझ्यावर आहे' म्हणजे नाही."

दोन दिवस आधी सापडलं असतं तर बुधवारीच चालू झालं असतं. हे ती बोलली नाही. 

गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "तुम्ही जा. मी विमानतळावर व्हीलचेअर सांगते."

"माझे पाय चांगले आहेत."

"पायांसाठी नाही हो. वाट दाखवायला माणूस मिळतो त्यासाठी."

"मी एकटा जाणार नाही."

"आईचं वर्षश्राद्ध आहे."

"कुणाचं आहे ते मला माहीत आहे."

ती चिडली. म्हणाली, चार महिने कराड कराड केलंत आणि आता नाही म्हणता. मी पुतण्याला फोन करून सांगितलं, तू कर. एकट्यानं कराडच्या घराचं ते दार उघडायची माझी हिंमत नव्हती. पण ते मी तिला सांगितलं नाही. साडी बॅगेतच राहिली.

सोमवारी सकाळी पुतण्यानं फोनवर दाखवलं. पान, पिंड, पाट, मागे बायकोचा फोटो. मध्येच चित्र थांबलं, भटजींचा हात हवेत, आणि आवाज चालू. नंतर आवाजही गेला. दहा वाजता मुलगी आत गेली, चिमटा लागला. मी खीर केली, गवारीची भाजी केली, वडे जमले नाहीत. साडेअकराला ती बाहेर आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. काहीच झालं नाही म्हणजे चांगलं झालं."

तिच्या कामाचं हे असं आहे. नीट झालं की कुणाला दिसत नाही. साहेबानं अंगठ्याचं चित्र पाठवलं, ते तिनं मला दाखवलं. आम्ही बायकोचं पान वाढून बाजूला ठेवलं आणि जेवायला बसलो. तिनं पहिला घास घेतला. मी घेतला नाही.

"आईचं मला पहिल्यापासून सांगायचंय," मी म्हणालो.

तिनं मान वर केली.

"सकाळी ती म्हणाली, छातीत जड वाटतंय. मी म्हणालो, पित्त असेल, आलं-लिंबू घे. एका टेम्पोवाल्याला दहाची वेळ दिली होती. मी गेलो. एक वाजता आलो."

"हे माहीत आहे, अप्पा. ती स्वयंपाक करत होती आणि..."

"स्वयंपाक करत नव्हती. तसं मीच सगळ्यांना सांगितलं. घरातली सगळी बटणं बंद होती. पंखा बंद, दिवा बंद. ती दाराजवळच्या स्टुलावर भिंतीला टेकून बसलेली होती. हातात पिशवी, त्यात डॉक्टरची फाइल. चपला घातलेल्या होत्या. ती एकटी दवाखान्यात निघाली होती. मला फोन केला नाही. मी ओरडलो असतो, कामाच्या वेळी कशाला म्हणून."

तिनं हातातला घास पानात ठेवला.

"शेजारच्यांना हाक मारायच्या आधी मी तिच्या पायातल्या चपला काढल्या. पिशवी कपाटात टाकली. लोकांनी विचारलं असतं, कुठे निघाल्या होत्या. चपला अजून दारामागेच आहेत."

"कुठल्या चपला?"

"निळ्या पट्ट्याच्या. तू इथून आणलेल्या."

तिच्या खोलीत फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला. ती उठली. मला वाटलं, आत जाईल आणि चिमटा लावेल, आणि लावला तर तिची चूक नाही. ती आत गेली, फोन बंद झाला. बाहेर येताना तिनं दार उघडंच ठेवलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. तिचे डोळे कोरडे होते, पण हनुवटी तिच्या आईसारखी घट्ट झाली होती. ती रागावली होती की काय, ते मला आजही सांगता येणार नाही.

"मग?" ती म्हणाली.

मला वाटलं होतं, सगळं सांगून झालंय. मी परत त्या सकाळपासून सुरुवात केली. या वेळी तिची आई कोणत्या हातानं छाती दाबत होती, तेही सांगितलं.